बोटांची थाप आणि मनाची घालमेल

रडणारे मूल मांडीवर घेतले, की आईचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जातो आणि ती एका ठरावीक लयीत त्याला थोपटू लागते. हे तिला कोणी शिकविलेले नसते. मुलाचे पोट भरलेले असते, दुखणेखुपणेही काही नसते; तरी ते बावरलेले असते आणि त्या थोपटण्याने हळूहळू निवते. मोठेपणी माणसाला असे थोपटणारे कोणी उरत नाही. मग वाईट बातमी कानी पडताच तो स्वतःच छातीवर हात ठेवतो, काही सुचेनासे झाले की कपाळावर बोटे टेकवितो आणि दवाखान्याच्या बाकावर ताटकळताना गुडघ्यावर बोटे वाजवीत राहतो. घाबरलेल्या मनाला हाताचा आधार हवा असतो, ही गोष्ट शरीराला उपजतच ठाऊक असते.

या स्वाभाविक सवयीची गेल्या चार दशकांत अमेरिकेत एक रीतसर पद्धती बनविण्यात आली आहे. चेहऱ्यावरील, छातीवरील आणि हातावरील ठरावीक जागी बोटांच्या टोकांनी हलके थोपटावयाचे आणि त्याच वेळी मनातील भीती शब्दांत बोलून दाखवावयाची, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. इंग्रजीत तिला ‘टॅपिंग’ म्हणतात. हल्ली ती शिकण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. मोबाइलमधील एखादे ॲप उघडले, की एक शांत आवाज ‘आता भुवईपाशी थोपटा, आता डोळ्याखाली’ असे सांगू लागतो आणि थोड्याच वेळात मन हलके होईल, असे आश्वासन देतो. परीक्षेला बसणारे विद्यार्थी, रात्री झोप न येणारे नोकरदार, घरच्या आजारपणाने गांजलेल्या गृहिणी, हातातील कामात चित्त न लागणारे तरुण असे नाना प्रकारचे लोक या आवाजाच्या मागे जाऊ लागले आहेत.

मराठीत ‘थाप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाठीवर पडते तीही थाप आणि तोंडातून निघते तीही थाप. तेव्हा ही अमेरिकन थाप यांपैकी कोणती, असा प्रश्न चोखंदळ माणसाच्या मनात यावा हे साहजिक आहे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. या पद्धतीत दोन्ही प्रकारच्या थापा एकत्र नांदत आहेत. त्या निवडून वेगळ्या केल्या, तरच तिच्यापासून होणारा लाभ पदरात पडेल आणि तिच्यापासून होऊ शकणारी हानीही टळेल.

प्रथम तिचा थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. कॅलिफोर्नियातील रॉजर कॅलहान नावाचे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या सुमारास एका स्त्रीवर उपचार करीत होते. तिला पाण्याची विलक्षण भीती वाटे. बरेच दिवस प्रचलित उपचार करूनही म्हणण्यासारखा गुण आला नव्हता. पाण्याचा विचार मनात आला की पोटात कसेसेच होते, असे ती एकदा म्हणाली. चिनी वैद्यकात जीवनशक्तीचे प्रवाह शरीरातून वाहतात अशी कल्पना आहे आणि जठराशी निगडित असलेल्या प्रवाहाचा आरंभ डोळ्याखाली होतो, असे मानले जाते. कॅलहान यांना हे ठाऊक होते. त्यांनी तिला डोळ्याखालच्या हाडावर बोटांनी थोपटावयास सांगितले. थोड्याच वेळात पोटातील ती भावना आणि तिच्याबरोबर पाण्याची भीतीही गेली, असे त्या स्त्रीने सांगितले. हा वृत्तांत खुद्द कॅलहान यांचाच आहे. त्यावरून त्यांनी निरनिराळ्या भावनांसाठी बिंदूंचे निरनिराळे क्रम ठरविणारी एक उपचारपद्धती उभारली.

पुढे गॅरी क्रेग नावाचे गृहस्थ ती पद्धती शिकले. स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या माणसाने अभियंत्याला शोभेल असाच विचार केला. बिंदू मोजकेच आहेत. मग प्रत्येक दुखण्यासाठी वेगळा क्रम पाठ कशाला करावयाचा? सगळे बिंदू एकदा थोपटले, की जो हवा तो त्यात येऊनच जाईल. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी सर्व प्रकारच्या भीतीसाठी आणि दुःखासाठी एकच सोपा क्रम प्रसिद्ध केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘ईएफटी’ म्हणून ओळखला जातो. ‘भावनिक मुक्तीची तंत्रे’ असा त्या नावाचा अर्थ होतो. आज मोबाइलवर मिळणारी बहुतेक मार्गदर्शित थोपटण्याची साधने याच क्रमावर उभी आहेत.

त्याची रीत अशी. प्रथम मनातील त्रास कोणता, हे नेमके ठरवावयाचे. ‘मला बरे वाटत नाही’ एवढे पुरत नाही. ‘उद्याच्या गणिताच्या पेपरात काही आठवणार नाही, ही भीती छातीत दाटली आहे’ इतके स्पष्ट व्हावे लागते. मग शून्य म्हणजे मुळीच त्रास नाही आणि दहा म्हणजे असह्य त्रास, असे धरून त्या क्षणीच्या त्रासाला गुण द्यावयाचे. ही मोजपट्टी क्रेग यांची नव्हे. जोसेफ वोल्पे या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील मानसोपचारतज्ञांनी १९६० च्या दशकात शून्य ते शंभर अशी एक मोजपट्टी प्रचारात आणली होती. तिचेच हे आटोपशीर रूप आहे.

गुण दिल्यानंतर एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताच्या तळव्याची करंगळीकडील कड थोपटीत एक वाक्य तीन वेळा म्हणावयाचे. त्याचा आशय असा असतो : मला ही भीती वाटत आहे, तरीही मी जसा आहे तसा स्वतःला पूर्णपणे स्वीकारतो. त्यानंतर भुवईचे नाकाकडील टोक, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूचे हाड, डोळ्याखालचे हाड, नाक आणि वरचा ओठ यांमधील जागा, खालचा ओठ आणि हनुवटी यांमधील खळगा, गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळची जागा, काखेखाली चार बोटांवरील बरगडी आणि शेवटी डोक्याचा माथा, अशा क्रमाने प्रत्येक ठिकाणी पाच ते सात वेळा हलके थोपटावयाचे. थोपटताना त्या भीतीचे नाव थोडक्यात घेत राहावयाचे. एक फेरी संपली की दीर्घ श्वास घ्यावयाचा आणि पुन्हा गुण द्यावयाचे. आठाचे सहा झाले असतील, तर दुसरी फेरी. सहाचे तीन झाले असतील, तर तिसरी. ॲपमधील आवाज करतो तो एवढेच : जागा सांगतो, शब्द पुरवितो आणि गती राखतो. घाबरलेल्या माणसाला स्वतःहून क्रम आठवत नाही. त्यामुळे या आवाजाचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे.

आता ही भीती शरीरात काय करते ते पाहू. धोका समोर दिसला, की मेंदूच्या अंतर्भागातील बदामाच्या आकाराचे एक लहानसे केंद्र जागे होते. ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोरात धडधडू लागते, श्वास उथळ आणि जलद होतो, स्नायू ताठरतात. अंगावर बैल धावून आला असता ही सारी तयारी प्राण वाचविते. परंतु परीक्षा, कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न किंवा डॉक्टरांचा अहवाल यांच्यापुढे पळून जाण्याची सोय नसते. तयारी झालेली असते आणि करावयाचे काहीच नसते. या अवस्थेलाच चिंता म्हणतात.

अशा चिंताग्रस्त मनाला एकाग्र होता येत नाही, याचेही कारण येथेच सापडते. रात्री चोराची चाहूल लागलेल्या घरात पहारेकरी एका खिडकीशी स्थिर उभा राहत नाही; जिकडे खुट्ट होईल तिकडे तो धावतो. चिंताग्रस्त मन असेच पहाऱ्यावर असते. डोळे पुस्तकाच्या ओळीवरून फिरत असतात, पण कान दाराकडे लागलेले असतात. एकच परिच्छेद चार वेळा वाचला तरी त्यातले काही हाती लागत नाही. मग आपण मागे पडत आहोत, अशी नवी चिंता उत्पन्न होते आणि मन अधिकच भटकू लागते. घरातील वडीलधारी माणसे याला आळस समजतात. ‘लक्ष दे’ म्हणून दरडावतात. दरडावणे म्हणजे त्या पहारेकऱ्याला आणखी एक आवाज ऐकविणे होय, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

मनाचे भटकणे हे स्वतः काही रोगाचे लक्षण नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे २,२५० प्रौढ माणसांना दिवसातून अवचित वेळी मोबाइलवरून विचारण्यात आले, की या क्षणी तुम्ही काय करीत आहात आणि तुमचे मन कोठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातील कामावर नव्हते. म्हणजे जागेपणीच्या जवळजवळ अर्ध्या वेळात साधारण माणसाचे मन अन्यत्र असते. ज्या विद्यार्थ्याला आपलेच डोके बिघडले आहे असे वाटते, त्याला ही गोष्ट सांगितली, तर त्याच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरेल.

मग बोटांनी थोपटल्याने या घालमेलीत फरक पडतो तो कशाने? पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात, की शरीरातील शक्तीचा प्रवाह तुंबलेला असतो आणि नेमक्या बिंदूवर थोपटल्याने तो मोकळा होतो. या म्हणण्याची कसोटी पाहण्याचा एक सरळ मार्ग आहे. खरे बिंदू सोडून भलत्याच जागी थोपटावयाचे आणि काय होते ते पाहावयाचे. कॅनडातील वेंडी वेट आणि मार्क होल्डर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच केले. त्यांनी विद्यापीठातील ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. पहिल्या गटाने पद्धतीत सांगितलेले बिंदू थोपटले. दुसऱ्याने हातावरील वाटेल त्या जागा थोपटल्या. तिसऱ्याने स्वतःच्या अंगाला हात न लावता एका बाहुलीला थोपटले. चौथ्याने थोपटणे टाळून कागदाचे खेळणे बनविले. चौथ्या गटाची भीती म्हणण्यासारखी कमी झाली नाही. परंतु पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली आणि त्या तिघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

या प्रयोगाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. बाहुलीच्या अंगातून जीवनशक्तीचा प्रवाह वाहत नाही. तरी तिला थोपटणाऱ्याची भीती उतरते, याचा अर्थ गुण बिंदूंचा नव्हे. त्याचबरोबर, भीती उतरत नाही असेही म्हणता येत नाही. शक्तीच्या प्रवाहाची कथा ही दुसऱ्या अर्थाची थाप ठरते. परंतु पहिल्या अर्थाच्या थापेत काहीतरी खरे शिल्लक राहते. ते कोणते, हे पाहणे अगत्याचे आहे.

त्यातील पहिली गोष्ट म्हणजे भीतीचे नाव घेणे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही माणसांना रागावलेले आणि घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. त्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला, की मेंदूतील भीतीच्या केंद्राची खळबळ कमी होत असे, असे त्यांना दिसले. अंधारात दिसलेली आकृती झाडाचा बुंधा आहे असे कळले, की धडधड थांबते. तसेच काहीसे मनातील आकृतीचेही आहे. ‘काहीतरी वाईट होणार’ ही भीती अफाट असते. ‘गणिताचा तिसरा प्रश्न सुटणार नाही’ ही भीती हातभर लांबीची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे भीतीकडे पाठ न फिरविणे. वर उल्लेखिलेल्या वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की शरीर सैल आणि शांत असताना भीतीचा विषय थोडा थोडा समोर आणला, तर त्या विषयाशी जडलेली भीती सुटू लागते. भीती आणि विश्रांती एकाच वेळी एका शरीरात वस्ती करू शकत नाहीत, हे त्यामागील तत्त्व आहे. थोपटताना माणूस एकीकडे भीतीचा उच्चार करतो आणि दुसरीकडे त्याचे हात संथ लयीत काम करीत असतात. वोल्पे यांच्या जुन्या औषधाचाच हा एक नवा काढा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट लयीची. बोटे संथ चालू लागली, वाक्ये सावकाश उच्चारली आणि फेरीच्या अखेरीस दीर्घ श्वास घेतला, की श्वासोच्छ्वास मंदावतो. या बाबतीत इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना म्हणावयास सांगितली आणि एक योगमंत्रही म्हणावयास सांगितला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला आणि रक्तदाब तोलून धरणारी शरीराची यंत्रणा अधिक सजग झाली. जपमाळ ओढणारी आजी कोणत्याही धर्माची असो, तिच्या बोटांना आणि ओठांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते.

या पद्धतीच्या बाजूनेही काही प्रयोग झालेले आहेत. डॉसन चर्च आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८३ माणसांचे तीन गट केले होते. एका गटाला तासभर थोपटण्याचा उपचार दिला, दुसऱ्याला तितकाच वेळ आधार देणारी बोलणी आणि तिसऱ्याला काहीच नाही. ताण मोजण्यासाठी लाळेतील कॉर्टिसॉल या द्रव्याचे प्रमाण पाहिले. थोपटणाऱ्यांत ते सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. इतर दोन्ही गटांत सुमारे १४ टक्क्यांनी. फरक आहे, हे नाकारता येत नाही. तथापि चर्च हे स्वतः या पद्धतीचे प्रचारक आहेत आणि भलत्या जागी थोपटणारा गट या प्रयोगात नव्हता, हेही विसरता येत नाही. ॲपवर झळकणाऱ्या आकड्यांबद्दल तर अधिकच सावध असावे. ‘आधी आठ, नंतर तीन’ असे वापरणाऱ्याने स्वतःच दिलेले गुण हे त्याच्यापुरते उपयोगी असतात. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर ते पुरावा होऊ शकत नाहीत. दहा मिनिटे ओट्यावर शांत बसले तरी आठाचे सहा होतातच.

चंचल मनासाठी या थापेचा उपयोग कसा करावा, हे आता स्पष्ट होईल. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा अभ्यास असलेल्या १४ माणसांना श्वासावर मन ठेवावयास सांगितले आणि मन भटकल्याचे ध्यानात येताच कळ दाबावयास सांगितली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लक्षाचे चक्र चार टप्प्यांत मांडलेले आहे : मन भटकते, ते भटकले हे ध्यानात येते, ते वळविले जाते, आणि काही काळ ते स्थिरावते. मग पुन्हा भटकते. मुरलेल्या साधकांचेही मन भटकतेच. तेव्हा एकाग्रता म्हणजे मन न हलणे नव्हे. हललेले मन पुनःपुन्हा परत आणणे म्हणजे एकाग्रता होय.

परत आणावयाचे तर आणून बांधण्यासाठी एक खुंटी लागते. बोटांची थाप ही अशी खुंटी आहे. ती स्पर्शाला जाणवते, कानाला किंचित ऐकू येते, तिची मोजणी करता येते आणि तिला पैसा लागत नाही. अभ्यासाला किंवा कामाला बसण्यापूर्वी कागदाच्या तुकड्यावर एकच काम लिहावे. मनात जी भीती असेल तिचे नाव घेऊन दोन फेऱ्या थोपटावे. मग अर्धा तास काम करावे. मध्येच मन उडाल्याचे ध्यानात येताच स्वतःला दूषणे न देता तळहाताची कड सातआठ वेळा थोपटावी, कागदावरची ओळ वाचावी आणि पुन्हा कामास लागावे. परीक्षेच्या दालनात भुवया आणि डोके थोपटीत बसणे शोभत नाही. तेथे बाकाखाली तळहाताची कड किंवा नुसती बोटांची पेरे एकेक करून अंगठ्याने दाबली तरी चालते. जागेला महत्त्व नाही, हे बाहुलीच्या प्रयोगाने दाखविलेच आहे.

येथे एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. ज्या यंत्रातून हा शांत आवाज येतो, तेच यंत्र मनाला सर्वांत अधिक भटकविणारे आहे. मन शांत करण्यासाठी ॲप उघडावे, त्याच वेळी कोणाचा तरी निरोप येऊन पडावा, तो पाहावा आणि अर्ध्या तासाने आपण काय करावयास बसलो होतो याची आठवण व्हावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून मार्गदर्शक आवाजाचा उपयोग शिकण्यापुरता करावा. आठदहा दिवसांत क्रम पाठ झाला, की यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि हात आपले आपण चालवावे. पोहणे शिकताना भोपळा बांधतात. पोहता येऊ लागल्यावर तो सोडून देतात.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. थापेने येणारा दिलासा खरा असतो, म्हणूनच तो कित्येकांना वैद्याच्या दारापासून दूर ठेवतो. दर थोड्या दिवसांनी ऊर भरून येऊन आता आपण मरणार असे वाटणे, आठवडेच्या आठवडे झोप नसणे, घराबाहेर पडण्याचे धैर्य न उरणे, कशातच गोडी न वाटणे आणि जगणे नकोसे होणे, ही आजाराची लक्षणे आहेत. त्यांवर बोलण्याच्या शास्त्रशुद्ध उपचारांचा आणि औषधांचा गुण येतो, हे पुरेशा प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. जे मूल लहानपणापासून शाळेत, घरात आणि खेळातही क्षणभर स्थिर राहू शकत नाही, त्याच्या मेंदूच्या वाढीतच फरक असण्याचा संभव असतो. त्याला थोपटणे शिकवून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे आणि तो न घडल्यास त्यालाच दोष देणे, हा दुहेरी अन्याय होय. चालू असलेली औषधे कोणत्याही ॲपच्या भरवशावर बंद करू नयेत. छातीत दुखत असेल, तर ते चिंतेनेच दुखते असे स्वतःच ठरवून थोपटीत बसू नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. एखाद्या भयंकर प्रसंगाची आठवण ज्याला छळते, त्याने ती आठवण एकट्याने, रात्रीच्या वेळी, यंत्रातील आवाजाच्या सोबतीने उकरून काढू नये. अशा वेळी समोर जाणते माणूस असावे लागते.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. उपचारांची साधने अपुरी आहेत, हे एक कारण. परंतु ‘लोक काय म्हणतील’ हे दुसरे कारण कमी बलवान नाही. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, इंदूरचे बाणगंगा येथील मानसिक रुग्णालय, बडोद्याचे कारेलीबागेतील रुग्णालय, हैदराबादचे एर्रागड्डा, बेळगावकरांना जवळची पडणारी धारवाडची संस्था आणि गोव्यातील बांबोळीची संस्था ही नावे त्या त्या गावी अजूनही थट्टेच्या सुरात उच्चारली जातात. त्या थट्टेची किंमत कोणाच्या तरी घरात कोणी तरी निमूटपणे मोजीत असते. ज्याला पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते.

तेव्हा थोपटण्याचे स्थान कोणते, हे ठरविणे अवघड नाही. रोजच्या जीवनातील लहान भीतीसाठी, परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी, उडून जाणाऱ्या मनाला परत आणण्यासाठी आणि उपचार चालू असताना दोन भेटींमधील कठीण घटका निभावून नेण्यासाठी ते उत्तम साधन आहे. शक्तीचे प्रवाह, बिंदूंची जादू आणि सर्व दुःखांपासून मुक्ती यांची भाषा तिच्यातून काढून टाकली, तरी तिचे काही उणे होत नाही. उलट वापरणाऱ्याला हे कळते, की गुण यंत्राचा नव्हता, बिंदूचाही नव्हता. तो भीतीचे नाव घेण्याच्या धैर्याचा आणि हळू झालेल्या श्वासाचा होता.

आणि घरात एखादे मूल पुस्तक पुढ्यात घेऊन शून्यात पाहत बसलेले दिसले, तर त्याच्या हाती मोबाइल देण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसावे, कशाची भीती वाटते ते विचारावे आणि ते सांगत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. या सर्व पद्धतीचे मूळ तेथेच आहे.